सात भगिनींचा व्यापार

परोपकार आणि व्यापार हे परस्परांचे वैरी आहेत, ही समजूत आमच्या समाजांत फार जुनी आहे. पुण्यकर्मांत पैचा हिशेब मांडणें हलकेपणाचें व दुकानदारींत लोकहित पाहणें खुळेपणाचें, असें मानणारे लोक अद्यापि पदोपदीं भेटतात. लोकहितासाठीं धंदा करणाऱ्या संस्थांस अलीकडे 'सामाजिक उद्योग' असें नांव पडलें आहे. परंतु हें नांव आमच्याकडे कोणाच्या कानीं येण्यापूर्वींच गिरगांवांतील सात गृहिणींनीं ती समजूत खोटी ठरविली होती.

या सात गुजराती स्त्रिया १५ मार्च १९५९ रोजीं आपल्या इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास बसल्या. शिक्षण बेताचें, हातीं स्वयंपाकघरांतील कसब तेवढें होतें. भांडवल ८० रुपये, आणि तेंहि उसनें. तें देणारे छगनलाल पारेख हे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे सभासद. नामदार गोखल्यांनीं १९०५ सालीं पुण्यास लाविलेल्या रोपाची एक फांदी अशी पापडाच्या पिठापर्यंत पोंचली! पहिल्या दिवशीं चार पाकिटें तयार झालीं.

आरंभीं एक उत्तम व एक स्वस्त असे दोन प्रतींचे पापड त्या करीत. छगनबापांनीं तें बंद करविलें. प्रत एकच ठेवावी, तींत कधीं कसर करूं नये, आणि हिशेब व्यापाऱ्यासारखा चोख ठेवावा, असा त्यांचा सल्ला होता. तोटा आला तरी देणगी मागावयाची नाहीं, हा निश्चय मात्र त्या स्त्रियांचा स्वतःचा. आमच्या मतें या संस्थेचा खरा पाया हाच होय. कारण देणगीवर जगणारी संस्था दात्याची मर्जी सांभाळते, मालाची प्रत सांभाळीतच असें नाहीं.

पहिल्या पावसाळ्यांत पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद पडलें. पुढील वर्षीं एक खाट व एक स्टोव्ह विकत घेऊन, खाटेवर पापड व खालीं स्टोव्ह अशी युक्ति योजिली. बायका वाढल्या, गच्ची पुरेना, तेव्हां मळलेलें पीठ घरोघर न्यावें, पापड लाटून परत आणावे व वजन करून मजुरी घ्यावी, असा प्रघात पडला. घराबाहेर दिवसभर राहणें ज्यांस शक्य नव्हतें त्यांना यामुळें स्वतःची कमाई दिसली.

मजुरी तर गिरणीवालाहि देतो. येथें विशेष हा कीं, लाटणारी प्रत्येक 'भगिनी' संस्थेची भागीदार असून नफ्यातोट्याची धनी तीच. सर्वच बेत साधले असें नाहीं: १९६१ सालीं मालाडास काढलेली शाखा चालली नाहीं, पुढें आगपेट्यांचा व चामड्याचा धंदाहि बसला. १९६६ सालीं खादी व ग्रामोद्योग आयोगानें मान्यता देऊन खेळतें भांडवल व करांत सवलत दिली. हें साहाय्य म्हणजे देणगीच नव्हे काय, असें कोणी विचारील. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. तथापि सरकारी साहाय्य घेऊन बुडालेल्या मंडळ्या आमच्याकडे थोड्या नाहींत, आणि ही बुडाली नाहीं.

त्या सातांपैकीं जसवंतीबेन पोपट यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. तोंवर 'लिज्जत'च्या भगिनींची संख्या ४५,००० च्या आसपास गेली होती. संस्थेंत पुरुषहि आहेत. ते हिशेब लिहितात, गाड्या हांकतात व पगार घेतात. मालकींत मात्र त्यांस वांटा नाहीं.