अपूर्णांकांची शाब्दिक उदाहरणे : इष्टकर्मापासून समीकरणापर्यंत

प्रास्ताविक :

वाशीम जिल्ह्यात तूर-सोयाबीनचा हिशेब आजही सव्वा, दीड, अडीच अशा शब्दांत बोलला जातो. मात्र त्याच घरातील विद्यार्थी वर्गात अपूर्णांकांचे शाब्दिक उदाहरण आले की अडखळतो. या विसंगतीचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

लीलावतीची परंपरा :

भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा (इ. स. ११५०) पहिला भाग म्हणजे ‘लीलावती’. त्यातील एका उदाहरणात थव्यातील १/५ भुंगे कदंबाकडे, १/३ शिलीन्ध्राकडे व या दोहोंतील फरकाच्या तिप्पट कुटजाकडे जातात; एक उरतो. येथे ‘इष्टकर्म’ उपयोगी पडते. सोयीची संख्या ३० धरल्यास ६, १० व १२ जाऊन २ उरतात. प्रत्यक्षात १ उरला आहे. म्हणून ३० × १ ÷ २ = १५. परंतु उदाहरणात मध्येच सुटी संख्या मिळवली असेल, तर ही रीत अपुरी पडते. तेथे ‘बीजगणित’ या भागातील ‘यावत्-तावत्’ म्हणजे अज्ञात राशी घ्यावी लागते. आजचा ‘क्ष’ तेच कार्य करतो.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी पाटण (ता. चाळीसगाव) येथे मठ स्थापन केला. इ. स. १२०७ च्या तेथील शिलालेखात त्याच्या दानाची नोंद असून लेखाचा काही भाग मराठीत आहे.

पाढे आणि व्यवहार :

पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे मुखोद्गत करून घेतले जात. रुपयाचे सोळा आणे असल्याने पाव म्हणजे चार आणे हे मुलाला व्यवहारातूनच कळे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणेपद्धती आली. हिशेब सुलभ झाला, हे निर्विवाद. तथापि अपूर्णांकांच्या पाढ्यांची व्यावहारिक निकड ओसरली व ते हळूहळू मागे पडले.

समारोप :

तुरीचा पाव हिस्सा घरी ठेवला, तिसरा हिस्सा देण्यात गेला व १० क्विंटल उरली. एकूण १२ धरल्यास ३ व ४ जाऊन ५ उरतात. म्हणून तूर २४ क्विंटल. ‘क्ष’ मानूनही हेच उत्तर येते. प्रथम इष्टकर्म व नंतर समीकरण असा क्रम ठेवल्यास ‘क्ष’ परका वाटणार नाही. विद्यार्थ्याची अडचण अनेकदा आकडेमोडीत नसून घरची भाषा व पुस्तकाची भाषा यांतील अंतरात असते. ते अंतर कमी करण्याचे साधन आपल्याच परंपरेत उपलब्ध आहे.