ऋण सोडणारं राज्य



आमच्या बचत गटाची बैठक प्रार्थनेने सुरू होते. दर वेळी वेगळी मैत्रीण आपल्या घरची प्रार्थना म्हणते. मागच्या बैठकीत एका ख्रिस्ती ताईंनी येशूने शिकवलेली प्रार्थना म्हटली. तिच्यात ‘ऋण’ हा शब्द आला आणि हप्त्यांचं रजिस्टर पुढ्यात घेऊन बसलेल्या आम्ही सगळ्या चमकलो. त्या दिवशी एका मैत्रिणीच्या थकलेल्या तीन हप्त्यांचाच विषय होता. देवाच्या प्रार्थनेत कर्ज कुठून आलं? शोधलं, वाचलं, ते आज तुम्हाला सांगतो.

येशू गालील प्रांतातला, यहूदी समाजातला. तिथे हेरोद अंतिपा राज्य करायचा आणि त्याच्या डोक्यावर रोमचा सम्राट. शेतकरी आणि कोळी करांनी पिचलेले. कर्ज फिटलं नाही तर जमीन जायची, कधी माणूसच गुलाम व्हायचा. येशूनंतर काही दशकांनी, इ.स. ६६ मध्ये, यरुशलेममध्ये बंड झालं. तेव्हा बंडखोरांनी कर्जखतं ठेवलेलं दप्तरच पेटवून दिलं, असं त्या काळचा इतिहासकार जोसेफस लिहितो. कर्ज लोकांना किती टोचत होतं, ते यावरून कळतं.

अशा लोकांना येशू सांगत होता की देवाचं राज्य जवळ आलं आहे. आपल्याला वाटतं, हे मेल्यानंतरच्या स्वर्गाचं बोलणं. पण त्या प्रार्थनेत मागणं आहे ते पृथ्वीवर देवाची इच्छा पूर्ण होण्याचं, आजच्या भाकरीचं आणि ऋण सुटण्याचं. येशूच्या अरामी बोलीत कर्ज आणि पाप या दोन्हींना एकच शब्द होता. म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानात ऋण आहे, तर लूकच्या शुभवर्तमानात पाप. यहूदी धर्मशास्त्रात दर सातव्या वर्षी कर्ज सोडून देण्याची आज्ञाही होती. येशूचं बोलणं त्याच मातीतलं.

या राज्याला येशूने उपमा दिली ती पीठ मळणाऱ्या बाईची. ती थोडंसं खमीर भरपूर पिठात मिसळते आणि सगळं पीठ फुगून येतं. आंबवण घालणाऱ्या आपल्या हातांना हे समजावून सांगायला नको. गाजावाजा नाही, पण आतून सगळं बदलतं.

येशू लवकर परत येईल आणि राज्य पूर्ण होईल, अशी पहिल्या ख्रिस्ती लोकांची आशा होती. पण ते नुसती वाट बघत बसले नाहीत. एकत्र जेवले, विधवांना अन्न वाटलं. फिलिप्पै शहरात जांभळं कापड विकणाऱ्या लुदियेने आपलं घर त्यांना उघडून दिलं. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराने माहिती काढायला दोन गुलाम बायकांचा छळ केला. ख्रिस्ती मंडळीत त्यांना ‘सेविका’ हा मान होता. बाजारात ज्यांची किंमत लागायची, त्यांना मंडळीत पद होतं!

त्या काळची एक छोटी पुस्तिका, ‘दिदाखे’ म्हणजे ‘शिकवण’, शतकानुशतकं हरवली होती. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला तिची जुनी प्रत सापडली. तिच्यात हीच प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलं आहे, आणि तिथेही शब्द ऋणाचाच आहे.

आता आमच्या मैत्रिणीचं सांगतो. तिचा नवरा अंथरुणाला खिळला आहे. गटाचं मुद्दल सगळ्यांच्या घामाचं, ते सोडता येत नाही. पण दंड आमच्या हातात होता. तो आम्ही सोडला आणि मुदत वाढवली. रजिस्टरवर सही करताना तिचा हात थरथरत होता. मैत्रिणींनो, तुमच्या गटात असं नाव असेल, तर पुढच्या बैठकीत दंडाचा रकाना भरण्याआधी तिच्या घरी एकदा जाऊन या.