व्हायोलिनला गळा देणाऱ्या राजम

घराणं रक्तानं चालतं की तालमीनं? एन. राजम यांची वाटचाल पाहिली की मला हा प्रश्न पुन्हा पडतो. ग्वाल्हेरच्या हस्सू खाँसाहेबांकडून वासुदेवबुवा जोशी शिकले, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, मग विष्णू दिगंबर पलुस्कर, मग ओंकारनाथ ठाकूर. आणि ओंकारनाथांकडे आली 1938 साली जन्मलेली, व्हायोलिन वाजवणारी एक दाक्षिणात्य मुलगी. या साखळीत रक्ताचं नातं कुठंच नाही.

वडील नारायण अय्यर यांनी तिला लहानपणीच कर्नाटक संगीताची तालीम दिली होती. थोरले भाऊ टी. एन. कृष्णन त्याच परंपरेतले दिग्गज. राजम मात्र हिंदुस्थानीकडे वळल्या. मी दोन भाषा शिकवतो, म्हणून सांगतो: शब्द बदलणं सोपं, लहेजा बदलणं कठीण. हातात तिकडचा गमक मुरलेला, आणि इथं हवी लांब, संथ मींड. गवयाचा एक दम त्यांनी एका लांब गजात धरला. ख्याल आणि ठुमरी तारांवर गायली जाऊ लागली. यालाच गायकी अंग म्हणतात. (आपले गजाननराव जोशीही ग्वाल्हेरचे गवई आणि व्हायोलिनवादक. त्यांना आपण फार लवकर विसरलो.)

पुढं सुमारे 40 वर्षं बनारस हिंदू विद्यापीठात अध्यापन. 1984 साली पद्मश्री, 2004 साली पद्मभूषण. कन्या संगीता शंकर, नाती रागिणी आणि नंदिनी. तिघीही व्हायोलिनच वाजवतात, तेही गायकी अंगानं.