फावल्या वेळाचा इतिहास : सुई, दोरा आणि कवडी



आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहास म्हटला की १९४० साली जोडेघाट येथे धारातीर्थी पडलेले कुमराम भीम, १९४८ ची पोलीस कारवाई आणि १९५६ ची भाषावार प्रांतरचना हे विषय ओघाने येतात, आणि ते यावेतच. मात्र ज्या बाईंनी या शाळेत वर्षानुवर्षे शिवणाचा तास घेतला, त्यांच्या स्मृतिव्याख्यानात मी एका कमी वजनाच्या वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे लेस, आपल्या घरगुती भाषेत क्रोशाची जाळी. तिच्याविषयी ‘फावल्या वेळाचा उद्योग’ असे सहज म्हटले जाते. या शब्दप्रयोगाने काय काय झाकले गेले, ते पाहावे एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. युरोपात जिला अस्सल लेस म्हणत, ती उशीवर विणली जाई. गच्च भरलेल्या उशीवर नक्षीप्रमाणे भोके पाडलेला जाड कागद किंवा चर्मपत्र टाचायचे, भोकांत टाचण्या रोवायच्या आणि लाकडाच्या वा हाडाच्या बारीक बॉबिनींवर गुंडाळलेले दोरे त्या टाचण्यांभोवती फिरवायचे. मूळ हालचाली दोनच : दोरा दोऱ्यावरून ओलांडणे आणि पीळ देणे. अरुंद पट्टीला डझनभर जोड्या पुरत. रुंद कामाला शेकडो बॉबिनी लागत. संध्याकाळी एकच मेणबत्ती पेटवून तिच्याभोवती पाण्याने भरलेले काचेचे गोल चंबू मांडीत, म्हणजे प्रकाश एकवटून प्रत्येकीच्या उशीवर पडे.

ही विद्या भारतात आली ती दक्षिणेच्या टोकाला. लंडन मिशनरी सोसायटीच्या मार्था मॉल्ट यांनी १८२० च्या सुमारास नागरकोविलच्या आपल्या मुलींच्या शाळेत लेस शिकवण्यास प्रारंभ केला. लेस विकून मिळालेल्या पैशांतून काही मुलींनी आपले दास्य सोडवून घेतले, अशी नोंद मिशनच्या इतिहासात सापडते. दोऱ्याने स्वातंत्र्य विकत घेतल्याचे असे उदाहरण मला तरी दुसरे ठाऊक नाही.

बॉबिनीच्या टोकाची हकीकत विशेष रंजक आहे. इंग्लंडच्या मध्य भागात, बकिंगहॅम आणि बेडफर्ड परगण्यांत, प्रत्येक बॉबिनीच्या शेवटी काचेच्या मण्यांचे एक कडे ओवलेले असे. त्याचे कारण अगदी व्यावहारिक होते : मण्यांच्या वजनाने दोरा ताठ राहतो आणि बॉबिन उशीवरून घरंगळत नाही. पण एकदा कडे आले की त्यात नुसते मणी कसे राहतील? कोणी बाळाच्या अंगरख्याची गुंडी ओवली, कोणी शिंपला, कोणी नाणे. प्रियकर आपले नाव कोरून बॉबिन भेट देई. पाहता पाहता वजनाचा तुकडा शकुनाचा आणि आठवणीचा झाला. याउलट डेव्हन परगण्यातल्या हॉनिटनच्या बॉबिनी साध्या, निमुळत्या असत. कारण तिथल्या पद्धतीत बॉबिन विणलेल्या फासातून आरपार काढावी लागे आणि मणी त्यात अडकले असते. शकुनालाही हत्याराची परवानगी लागते, ती अशी.

हे वाचताना मला आपल्या घरांतले दुधाच्या पातेल्यावरचे क्रोशाचे झाकण आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच्या काठाला मणी कशासाठी? वाऱ्याने ते उडू नये म्हणून. पण त्यांत एखादा काळा मणी असतोच, आणि तो दृष्टीसाठी आहे हे कोणाला सांगावे लागत नाही. उटनूर-नारनूरकडच्या तांड्यांत चला. बंजारा स्त्रियांच्या भरतकामात आरसे आहेत, कवड्या आहेत, नाणी आहेत. डोक्यावर घागर ठेवण्याची चुंबळसुद्धा कवड्यांनी मढवलेली. बेडफर्डची लेसवाली आणि नारनूरची बंजारीण यांचा संबंध जोडण्याचे धाडस मी करणार नाही. इतिहासात साम्य म्हणजे नाते नव्हे. परंतु समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या या डोंगराळ मुलखात कवडी आली, ती लमाणांच्या बैलांच्या तांड्यांनी हिंडवलेल्या व्यापाराची खूण आहे. मीठ, धान्य वाहून नेणाऱ्या त्या समाजाच्या पदरावर एक जुने चलन शकुन म्हणून टिकले. आपल्या घरातील विणकामाला ‘कला’ म्हणणारे आपण तांड्यातल्या टाक्याला मात्र ‘लोककला’ म्हणून बाजूला ठेवतो, हेही येथेच नोंदवतो.

आता क्रोशाकडे वळू. उशी, कागद, शेकडो बॉबिनी हा सारा पसारा क्रोशाने एका आकडीच्या सुईत आणला. १८४५ ते १८४९ च्या दुष्काळात आयर्लंडमध्ये क्रोशाची लेस असंख्य कुटुंबांचा आधार झाली, कारण भांडवल म्हणजे एक सुई आणि दोऱ्याची गुंडी. उशीवरच्या लेसला यंत्राने गाठले होते. जॉन हीथकोटचे जाळीचे यंत्र १८०८-०९ मधले. हातच्या क्रोशाची हुबेहूब नक्कल करणारे यंत्र मात्र सर्रास वापरात आले नाही. पुढील सारा इतिहास या एका तांत्रिक गोष्टीवर उभा आहे.

महाराष्ट्रात ही सुई मिशनच्या आणि मुलींच्या शाळांतून, शिवणवर्गांतून घरोघर पोचली आणि तिने आपली भाषा मराठी करून घेतली. साखळी, खांब, मुका खांब : जणू वाड्याचे बांधकामच. १९५६ मध्ये राजुरा आणि किनवट हे तालुके आदिलाबादमधून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्यात, अशी घरे झाली. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर रुखवतात तेच जाळीचे रुमाल, तीच तोरणे मांडली जात राहिली. सीमा आखणाऱ्यांनी रुखवत पाहिले नव्हते.

आपल्याकडे हा छंद होता. पण पैनगंगेचे पाणी वर्धेतून प्राणहितेत आणि प्राणहितेतून गोदावरीत जाते. ती गोदावरी समुद्रास मिळण्याआधी तिच्या वसिष्ठ शाखेच्या काठी नरसापूर गाव लागते. तेथे हीच सुई, हेच खांब आणि याच साखळ्या लाखाहून अधिक स्त्रियांची मजुरी होती. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी गोदावरीच्या मुलखात हे काम रुजवले. आरंभी दलित ख्रिस्ती स्त्रिया ते करीत. पुढे कापू समाजातील, घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांत ते पसरले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथे अभ्यास केला आणि १९८२ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या १९६० च्या दशकात पुण्यात जर्मन शिकवीत असत, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

त्यांना आढळले ते असे. व्यापारी दलालामार्फत दोरा घरी पोचवी. एक बाई केवळ फुले विणी, दुसरी तुकडे जोडी. तेलुगूत त्या जोडकामाला ‘अतुकुपनी’ म्हणत. तयार वस्तू कोणत्या देशात, किती किमतीला विकली जाते हे विणणारीला कळत नसे. दिवसाचे सहा-आठ तास सुई चाले आणि मोबदला शेतमजूर स्त्रीच्या किमान वेतनाच्या कितीतरी खाली राही. असे का? तर ही गृहिणी आहे, फावल्या वेळात विणते, असे सर्वांनी धरले होते. व्यापाऱ्याने, सरकारी गणतीने, आणि बहुधा तिने स्वतःही. कामगार म्हणून ती कोठे मोजलीच गेली नाही. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन लाभले. गावाचे नाव वस्तूला अधिकृतपणे चिकटले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. विणणारीच्या हाती त्यातले किती पडते, हे मानांकनाच्या कागदावर लिहिलेले नसते.

नरसापूरच्या बाईची मजुरी ज्या शब्दाने बुडाली, त्याच शब्दाने आपल्या आज्या-मावश्यांचे कौशल्य नोंदीबाहेर राहिले. कागदावर न मांडता, केवळ खांब मोजून नक्षी एका घरातून दुसऱ्या घरात नेणे हे गणितच होते. रुमाल पिवळे पडतात, ट्रंकेत कसर लागते आणि विणणारीचे नाव आधी विसरले जाते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. घरी क्रोशाचे काही जुने असेल, तोरण, बाळाची कुंची, पाळण्याची झालर, तर ते शाळेत आणून दाखवावे. सोबत एका चिठ्ठीवर लिहावे : कोणी विणले, कोणत्या साली, नमुना कोणाकडून घेतला, दोरा कोठल्या बाजारातून आणला, दिवसाच्या कोणत्या वेळी विणायला बसत. काठाला मणी असल्यास तो कशासाठी लावला, हेही विचारून यावे. विचारण्यासाठी माणूस घरात असेल, तर दिवाळीपर्यंत थांबू नये.