खरी गुहा बंद, तरी पर्यटक येतातच! फ्रान्सच्या व्हेझेर खोऱ्यात असं आहे तरी काय?

सप्टेंबर १९४०. दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि फ्रान्स जर्मनीसमोर हरला होता. दक्षिण-पश्चिम फ्रान्समधल्या माँतिन्याक या छोट्याशा गावात मात्र मार्सेल राविदा नावाच्या मुलाला वेगळाच नाद लागला होता. गावाजवळच्या टेकडीवर त्याला जमिनीत एक भोक दिसलं होतं. जुन्या वाड्याकडे जाणाऱ्या चोरवाटेच्या गोष्टी गावात सगळ्यांनीच ऐकलेल्या. १२ सप्टेंबरला तो तीन मित्रांना घेऊन परत आला, भोक मोठं केलं आणि चौघंही दिवा घेऊन आत उतरले.

चोरवाट काही सापडली नाही. सापडले ते भिंतींवर धावणारे घोडे, हरणं आणि पाच मीटरहून लांब असा एक प्रचंड बैल. ही चित्रं साधारण १७ ते २० हजार वर्षांपूर्वीची निघाली. हीच ती जगप्रसिद्ध लास्को गुहा.

आज लाखो लोक लास्को बघायला जातात, पण खऱ्या गुहेत त्यातल्या कुणालाच जाता येत नाही. का? त्यासाठी आधी हे खोरं समजून घ्यायला हवं.

एकाच खोऱ्यात इतक्या गुहा कशा?

व्हेझेर ही दोर्दोन्य नदीची उपनदी. मिलव्हाश पठारावर उगम पावून ती लिमय गावाजवळ दोर्दोन्यला मिळते. वाटेत तिने चुनखडीचा दगड कापत उंच कडे तयार केले. या कड्यांच्या पोटात नैसर्गिक कपारी आहेत. वर दगडाचं छप्पर, खाली नदीचं पाणी, हत्यारांसाठी गारगोटीचा दगड आणि शिकारीला रेनडिअरचे कळप! हिमयुगातल्या माणसाला आणखी काय हवं होतं?

साधारण ४० बाय ३० किलोमीटरच्या या टापूत १४७ प्रागैतिहासिक स्थळं आणि २५ चित्रगुहा आहेत. त्यांतल्या १५ स्थळांचा युनेस्कोने १९७९ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश केला.

शाळेच्या पुस्तकात वाचलेला 'क्रो-मॅग्नॉन मानव' आठवतोय? तो इथलाच. १८६८ मध्ये लेझेझी गावात रेल्वे स्टेशनजवळच्या रस्त्याचं काम सुरू असताना मजुरांना एका कपारीत मानवी हाडं सापडली. त्या कपारीचं नाव क्रो-मॅग्नॉन, आणि तेच पुढे आदिमानवाला मिळालं. जवळच्या ल मुस्तिए आणि ला मादलेन या ठिकाणांवरून तर अश्मयुगातल्या अख्ख्या संस्कृतींची नावं पडली आहेत.

मग लास्को बंद का झाली?

१९४८ मध्ये गुहा लोकांसाठी खुली झाली. त्यासाठी प्रवेशद्वार रुंद केलं, पायऱ्या बांधल्या, दिवे लावले. काही वर्षांतच रोज हजारावर माणसं येऊ लागली. अडचण होती ती त्यांच्या श्वासाची. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, बाष्प आणि अंगाची ऊब यामुळे हजारो वर्षं स्थिर राहिलेली आतली हवा बदलली. भिंतींवर हिरवं शेवाळ आलं, चुन्याचा पांढरा थर जमू लागला.

अखेर १९६३ मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा बंद केली. पण तेवढ्याने प्रश्न मिटला नाही. २००१ मध्ये आत पांढरी बुरशी पसरली, नंतर काळे डाग दिसू लागले. आजही आत प्रवेश मिळतो तो मोजक्या तज्ज्ञांनाच.

पर्यटकांसाठी १९८३ मध्ये त्याच टेकडीवर 'लास्को २' ही प्रतिकृती तयार झाली. २०१६ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी 'लास्को ४' उभी राहिली. तिथे जवळपास पूर्ण गुहेची हुबेहूब नक्कल आहे, आतला गारवासुद्धा तसाच!

एक गंमत बघा. गुहेत सापडलेली बहुतेक हाडं रेनडिअरची आहेत, म्हणजे खाण्यात रेनडिअरच जास्त. पण भिंतीवरच्या शेकडो प्राण्यांमध्ये रेनडिअर जेमतेम एक! म्हणजे ही चित्रं काही जेवणाची यादी नव्हती. मग ती का काढली, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

अस्सल चित्रं बघायचीच असतील तर?

लेझेझीमधून चालत जाता येईल इतक्या अंतरावर फाँ-द-गोम गुहा आहे. १९०१ मध्ये उजेडात आलेल्या या गुहेत बहुरंगी गवे आहेत आणि ती अजूनही लोकांसाठी खुली आहे. मात्र रोज अगदी थोड्याच लोकांना आत सोडतात, त्यामुळे आधीच बुकिंग करावं लागतं. त्याच रस्त्यावर पुढे कोंबारेल गुहेत दगडात कोरलेले प्राणी दिसतात. रुफिन्याकची गुहा इतकी लांब आहे की तिथे छोट्या विजेच्या गाडीत बसून मॅमथ बघायला जावं लागतं.

पायी फिरायचं असेल तर?

माँतिन्याक ते लेझेझी हे अंतर रस्त्याने साधारण २५ किलोमीटर. मध्ये सां-लेआँ हे नदीकाठचं देखणं गाव लागतं. पुढे आहे ला रोक सां-क्रिस्तोफ, म्हणजे सुमारे एक किलोमीटर लांब आणि ८० मीटर उंच कडा. त्याच्या कपारींमध्ये आधी अश्मयुगीन माणसं राहिली, मध्ययुगात तिथे किल्ला आणि वस्ती झाली. १५८८ मध्ये, फ्रान्समधल्या धर्मयुद्धांच्या काळात, ती पाडण्यात आली.

लेझेझीवरून 'जीआर ३६' ही लांब पल्ल्याची पायवाट जाते. तिची खूण म्हणजे झाडांवर, दगडांवर रंगवलेले पांढरा आणि लाल असे दोन पट्टे. स्थानिक छोट्या वाटांना पिवळा पट्टा. फुली दिसली तर समजायचं, वाट चुकली, मागे फिरा! चालायचं नसेल तर उन्हाळ्यात कनूमधूनही कड्यांखालून जाता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये तुफान गर्दी असते, त्यामुळे मे-जून किंवा सप्टेंबर बरा.

आपला काय संबंध?

मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या चित्रगुहा १९५७ मध्ये जगासमोर आणल्या त्या डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर या मराठी पुरातत्त्वज्ञाने. रेल्वेतून दिसलेले खडक त्यांना फ्रान्स-स्पेनमधल्या गुहांच्या परिसरासारखे वाटले आणि ते शोधायला गेले, असं सांगितलं जातं.

आणि अजिंठा तर आपलाच. तिथेही फ्लॅश वापरायला मनाई असते, काही लेण्यांमध्ये एका वेळी ठरावीक लोकांनाच सोडतात. रांगेत उभं राहून वैताग येतो खरा. पण लास्कोत पहिला हिरवा डाग दिसायला, दार उघडल्यानंतर वीस वर्षंसुद्धा लागली नव्हती.