काळा पाषाण आणि त्याला घडविणारे हात



कार्ला, भाजे, कान्हेरी, जुन्नर, अजिंठा ही लेणी पाहायला आपण मुलाबाळांसह जातो. तिथे राजाचे नाव कानावर पडते, दान देणाऱ्या शेठजींचे नाव पडते. पण टाकी धरणारा हात कोणाचा होता, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून त्या हाताविषयी चार शब्द लिहितो.

आधी दगडाचे बघू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या दख्खनच्या भूमीतून तापलेला लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरला आणि थंड झाला. तोच आपला काळा पाषाण. जुनी माणसे त्याला काळवथरी म्हणतात. पण सगळे थर सारखे नसतात. काही घट्ट असतात, तर काहींत बुडबुड्यांची भोके राहिलेली असतात. पाथरवटाची पहिली विद्या म्हणजे थर ओळखणे. हातोडीचा ठोका मारायचा आणि कान द्यायचा. खणखणीत बोलला तर दगड चांगला, बद्द बोलला तर आत चीर आहे असे समजायचे.

लेणे कोरायची रीत इमारतीच्या उलटी. इमारत पायापासून वर चढते, लेणे छतापासून खाली उतरते. आधी छत पुरे करायचे, मग खांब सोडत सोडत जमिनीपर्यंत यायचे. त्यामुळे परातीची गरज पडत नाही. अजिंठ्याचे २४ नंबरचे लेणे अर्धवट राहिले आहे, तिथे हे काम टप्प्याटप्प्याने दिसते. यात एक मोठी जोखीम असते. विटेची भिंत चुकली तर पाडून पुन्हा बांधता येते, पण खांबाचा टवका उडाला तर तो परत चिकटत नाही. अशी माणसे अडाणी होती असे कोण म्हणेल?

या माणसांची नावे अगदीच पुसली गेली असे मात्र नाही. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात लिहिले आहे की, कान्हाचा शिष्य बलक याने हे केले. पितळखोऱ्याच्या यक्षाच्या हातावर कान्हदास या सोनाराचे नाव कोरलेले आहे. कार्ल्याला धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजा केल्याचा लेख आहे. कान्हेरीच्या चैत्यगृहाच्या लेखात देखरेख करणाऱ्या भिक्खूबरोबर पाथरवटांचा आणि दगड घासून गुळगुळीत करणाऱ्यांचाही उल्लेख येतो. म्हणजे संघाने कारागिराला भिंतीवर जागा दिली होती.

साचेखात्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला सगळ्यात जवळचा वाटतो तो नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यातला उषवदाताचा लेख. त्याने ३,००० कार्षापण ठेव ठेवली, आणि ती कुणाकडे? विणकरांच्या दोन श्रेणींकडे! २,००० महिना शेकडा १ व्याजाने आणि १,००० महिना शेकडा पाऊण व्याजाने. २,००० चे वर्षाचे व्याज २४० होते. त्यातून २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. विणकरांच्या संघटनेची पत एवढी होती की राजाचा जावई तिच्यावर विश्वास ठेवत होता. हातावर पोट असणाऱ्यांची संघटना ही काही कालपरवाची गोष्ट नाही.

आता आजच्या पाथरवटाकडे या. वडार समाजातले गाडीवडार दगड वाहणारे, मातीवडार मातीकाम करणारे आणि जातेवडार जाती-पाटे घडविणारे. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी भटक्या, कष्टकरी जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला. महाराष्ट्रात वडार आज विमुक्त जातींच्या यादीत आहेत. जन्मावरून माणूस ठरविण्याचा त्रास काय असतो, तो आपल्याला कोणी शिकवायला नको.

एके काळी 'टाकी लावायची का, टाकीऽऽ' अशी हाळी चाळीत ऐकू यायची. पाटा गुळगुळीत झाला की त्याला पुन्हा टाकी लावून घ्यायची. मिक्सर आला आणि ती हाळी कमी झाली. म्हणून घरी पाटा-वरवंटा किंवा खलबत्ता घ्यायचा असेल तर रस्त्याकडेला दगड घडवत बसलेल्या माणसाकडूनच घ्या. भोके नसलेला घट्ट दगड निवडा. ठोका मारून आवाज ऐका. पाटा जमिनीवर ठेवून डुगडुगतो का ते बघा. वरवंटा दोन्ही हातांत धरून फिरवून पाहा. घरी आणल्यावर दोन-तीन वेळा जाडे मीठ आणि भिजवलेले तांदूळ वाटून टाकून द्या, म्हणजे कच सुटते. पाणी स्वच्छ येईपर्यंत त्यावर चटणी वाटू नका.

एवढे मात्र हात जोडून सांगतो, तिथे भाजीसारखी घासाघीस करू नका. दुकानात छापील किंमत आपण मुकाट्याने देतो आणि उन्हात बसलेल्या बाईशी दहा रुपयांसाठी भांडतो, हे बरे दिसत नाही. विहारासाठी काळ्या पाषाणाचे बुद्धरूप करून घेतले, तर दानफलकावर देणाऱ्यांच्या बरोबरीने घडविणाऱ्याचेही नाव लिहा. कोंडाण्याला दोन हजार वर्षांपूर्वी बलकाचे नाव लिहिले गेले, म्हणून आज आपण ते घेऊ शकतो.

जय भीम! नमो बुद्धाय!