तैपेई ते शांघाय : अंतर तेवढेच, प्रवासाचा वेळ मात्र बदलता

तैवानमधील तैपेई आणि चीनच्या मुख्य भूमीवरील शांघाय या दोन शहरांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. मुंबई आणि नागपूर यांच्यातील हवाई अंतरही जवळपास एवढेच भरते. तरीही २००८ सालापर्यंत या प्रवासात बहुधा अख्खा दिवस खर्ची पडत असे. याचे कारण भूगोलात नव्हे, तर इतिहासात आहे.

हाँगकाँगमार्गे वळसा

१९४९ साली चीनमधील यादवी युद्धाच्या अखेरीस दोन्ही बाजूंमधील थेट दळणवळण खंडित झाले आणि असंख्य कुटुंबे दुभंगली. नोव्हेंबर १९८७ मध्ये तैवानने आपल्या नागरिकांना मुख्य भूमीवरील नातलगांची भेट घेण्यास अनुमती दिली. मात्र थेट विमानसेवा नसल्याने प्रवाशांना हाँगकाँगसारख्या तिसऱ्या ठिकाणी विमान बदलावे लागे. तैपेई ते हाँगकाँग सुमारे ८०० आणि हाँगकाँग ते शांघाय सुमारे १,२५० किलोमीटर, असा हा वळसा सरळ अंतराच्या तिप्पट होता. विमानतळावरील प्रतीक्षेचा वेळ निराळाच.

टप्प्याटप्प्याने थेट सेवा

जानेवारी २००३ मध्ये चांद्र नववर्षानिमित्त तैवानच्या विशेष विमानांना शांघायला जाण्याची परवानगी मिळाली. परंतु त्यांना वाटेत हाँगकाँग किंवा मकाऊला उतरणे बंधनकारक होते. २००५ च्या नववर्षात दोन्ही बाजूंची विमाने न थांबता धावली. मे २००८ मध्ये मा यिंग-जिऊ तैवानच्या अध्यक्षपदी आल्यानंतर वाटाघाटींना वेग आला आणि ४ जुलै २००८ पासून शनिवार-रविवारच्या सुमारास विशेष उड्डाणे सुरू झाली. ही विमाने हाँगकाँगला उतरत नसली, तरी त्यांना तेथील हवाई क्षेत्रातूनच जावे लागत असे.

१५ डिसेंबर २००८ रोजी सामुद्रधुनीच्या उत्तरेकडील थेट हवाई मार्ग खुला झाला. त्यामुळे प्रवासात तासाभराहून अधिक बचत होऊन प्रत्यक्ष उड्डाण सुमारे दीड तासावर आले. ३१ ऑगस्ट २००९ पासून नियमित वेळापत्रकानुसार सेवा सुरू झाली. २०२० साली महासाथीच्या काळात ही सेवा मोजक्या शहरांपुरती मर्यादित करण्यात आली. त्या शहरांत शांघायचा समावेश होता.

वेळापत्रकातील वेळ

वेळापत्रकात या प्रवासासाठी साधारणतः पावणेदोन ते दोन तास दर्शविले जातात. धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाणाची प्रतीक्षा आणि उतरल्यानंतर नियत जागी पोहोचणे, हा सर्व वेळ त्यात धरलेला असतो. शिवाय लहान पल्ल्याच्या प्रवासात वर चढण्यात आणि खाली उतरण्यातच बराच वेळ जातो. विमान पूर्ण वेगाने थोडाच काळ उडते.

दोन्ही शहरांना प्रत्येकी दोन विमानतळ आहेत. ताओयुआन आणि पुडोंग हे मोठे विमानतळ शहरापासून दूर आहेत, तर सोंगशान आणि होंगचियाओ शहराच्या निकट आहेत. या निकटच्या विमानतळांमधील सेवा जून २०१० मध्ये सुरू झाल्याने रस्त्यावरचा वेळही वाचू लागला.

दोन्ही शहरांचे घड्याळ एकच असून ते भारतीय प्रमाणवेळेच्या अडीच तास पुढे आहे.